नायक, नेता आणि पाचशे शब्द

२०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात, सोयाबीनची सोंगणी आटोपत आली असताना, माझा एक जुना विद्यार्थी दोन छापील कागद घेऊन घरी आला. मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरचा हा मुलगा. आमच्या महाविद्यालयातून बी. ए. झाला, पुण्यात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेथेच एका संस्थेत तीन वर्षे नोकरी करत होता. ब्रिटनमध्ये शिक्षणधोरणाचा अभ्यास करण्यासाठी एका शिष्यवृत्तीला तो अर्ज करणार होता. अर्जातील पहिल्याच प्रश्नाने त्याला अडवले होते. आपल्यातील नेतृत्वगुण आणि इतरांवर प्रभाव टाकण्याची क्षमता प्रत्यक्ष उदाहरणांनी दाखवा, शब्दमर्यादा पाचशे. त्याने आणलेले उत्तर जेमतेम दीडशे शब्दांचे होते आणि त्यात ‘मी’ हा शब्द एकदाच आला होता, तोही ‘मी अमुक तांड्याचा रहिवासी आहे’ या वाक्यात. पुढचे सगळे ‘ठरले’, ‘सुरू झाले’, ‘लोकांनी मनावर घेतले’, ‘मुले राहू लागली’ असे.

मी म्हणालो, “अरे, हे सगळे कोणी केले?”

“सगळ्यायनंच केलं, सर.”

“पण सुरुवात तू केलीस ना?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. “केली. पण तसं लिहिलं तर तांड्यावरचे वाचून काय म्हणतील?”

तांड्यावर ते इंग्रजी उत्तर वाचणारे कोणी नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते. तरीही त्याची अडचण खोटी नव्हती. पस्तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला ती आपल्या भाषेची अडचण म्हणून ओळखता यायला हवी होती. मला ती तेव्हा केवळ लाजाळूपणा वाटली. या चुकीची किंमत त्याने एक वर्ष देऊन चुकवली. हा लेख त्या वर्षाविषयी आहे.

अशा अर्जांचा साचा आता आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही परिचित होत आहे. ब्रिटिश शासनाची १९८३ साली सुरू झालेली चेव्हनिंग शिष्यवृत्ती हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तिच्या अर्जात नेतृत्व व प्रभाव, लोकसंपर्क, निवडलेला अभ्यासक्रम आणि पुढील कारकीर्द अशा चार विषयांवर लिहावे लागत आले आहे. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील, लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे या गावचे राजू केंद्रे २०२१ साली याच शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. शिकणाऱ्या पहिल्या पिढीतील मुलांना चांगल्या विद्यापीठांपर्यंत पोहोचवणारे ‘एकलव्य’चे काम त्यांनी त्याआधीच उभे केले होते. त्यांची बातमी आमच्या भागातील अनेक मुलांनी मोबाइलमध्ये जपून ठेवली होती आणि माझा विद्यार्थी त्यांपैकीच एक. याउलट राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्या. तिच्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते. तेथे स्वतःविषयी गोष्ट सांगावी लागत नाही. दाखले जोडणे आपल्याला जमते, कारण आपण कोण आहोत हे तेथे तहसीलदार लिहून देतो. दुसऱ्या प्रकारच्या अर्जात ते आपणच लिहायचे असते.

‘नेतृत्व’ हा शब्द आमच्याकडे चौकातल्या फलकांवर राहतो. ‘कणखर नेतृत्व’, ‘युवा नेतृत्व’, खाली पंचवीस छायाचित्रे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या शब्दाशी आपला काही संबंध असावा असे चार मुलांत बरे दिसणाऱ्या मुलाला वाटत नाही. ‘प्रभाव’ तर ग्रहांचा असतो नाहीतर पुढाऱ्याचा. बोलीत त्याला ‘वजन’ म्हणतात. अमक्याचे तहसीलमध्ये वजन आहे, म्हणजे त्याच्या फोनवर कामे होतात. आणि आपल्या वाक्यरचनेचे काय सांगावे! ‘माझ्या हातून घडले’, ‘योग जुळून आला’, ‘मंडळींनी करवून घेतले’ ही आपल्या सभ्य गद्याची घडण आहे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या आयुष्यातील’ असे शब्द आले. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांना आपली कहाणी सांगण्यासाठी दगडू आणि दया असे दोन जण करावे लागले. दोन्ही पुस्तकांची कारणे अगदी वेगळी आहेत, हे मान्य. पण मराठीत ‘मी’ सरळ चालत येत नाही, त्याला आधी कोणाची तरी सोबत लागते, एवढे तरी त्यांवरून म्हणता येईल.

हे सगळे मी वर्गात शिकवतो. त्या दिवशी मात्र मी दुसरेच केले. त्याचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणालो, “तू सांग, मी लिहितो.”

त्याने सांगितले ते असे. त्यांच्या तांड्यावरची बहुतेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो, आणि मुलेही सोबत जातात, कारण त्यांना मागे ठेवणार कोणाजवळ? मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत शाळेचे वर्ष संपत आलेले असते. २०१५ साली, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, त्याने दिवाळीच्या आधी तांड्यावर बैठक बोलावली आणि शिक्षणाचे महत्त्व या विषयावर भाषण केले. लोकांनी शांतपणे ऐकले आणि उठून गेले. एकही मूल मागे राहिले नसते. पण एका म्हातारीने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून विचारले, “तू पोरायले ठेवतं म्हणतं, पण रात्री पोरींजवळ बाई कोण राहील?” या प्रश्नाचा त्याने विचारच केलेला नव्हता. मग त्याने भाषण सोडले आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन बसू लागला. तीन जणी तयार झाल्या. प्रत्येक कुटुंबाने जाण्याआधी ज्वारी, गहू आणि तुरीची डाळ मोजून ठेवायची, त्याची वही त्याने लिहायची, स्वयंपाक व रात्रीची सोबत त्या तिघींनी करायची, असे ठरले. पहिल्या हंगामात चौदा मुले राहिली. त्यांत मुली तीन. चौथ्या हंगामापर्यंत मुले एकतीस झाली आणि मुली तेरा.

शेवटी त्याने २०२० च्या टाळेबंदीची हकिगत सांगितली. मार्चच्या अखेरीस सगळे बंद झाले तेव्हा आई-बाप कारखान्यांच्या फडांवर अडकले. त्यांना परतण्याची परवानगी मिळायला एप्रिलचा उत्तरार्ध उजाडला. हा स्वतः पुण्यात खोलीत बंद. मोजून ठेवलेला शिधा संपत आलेला. त्या काळात त्या बायकांनी वही काढली, कोणाच्या घरून किती आले आणि किती यायचे ते पोरांकडून वाचून घेतले, परतलेल्या व न गेलेल्या घरांकडून धान्य गोळा केले आणि मुलांना एक दिवसही उपाशी ठेवले नाही. हे सांगताना त्याचा आवाज प्रथमच मोकळा झाला होता.

मी हा भाग गाळला. “तू तिथे नव्हतास,” मी म्हणालो, “मग हे तुझे नेतृत्व कसे?” म्हातारीचा प्रश्नही मी काढून टाकला, कारण त्यात त्याची चूक दिसत होती. सुरुवात मी जिल्ह्याच्या मागासलेपणापासून केली. वाशीम २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, ही माहिती मोठ्या उपयोगाची वाटली. पार्श्वभूमी जितकी काळी, तितका नायक उजळ. ऊसतोडीच्या चक्रात पिढ्यान्‌पिढ्या भरडला गेलेला तांडा, त्यात एक तरुण उभा राहतो, आपल्या वाणीने लोकांची मने पालटतो, आणि एकतीस मुलांच्या आयुष्यात पहाट होते. पाचशे शब्द बरोबर भरले. इंग्रजी आमच्या इंग्रजी विभागातील सहकाऱ्याने तपासले. शिफारसपत्रही माझेच होते. त्यात ‘असामान्य नेतृत्वगुण’ असे शब्द मी घातले. तो कागद वाचून तो एवढेच म्हणाला, “सर, चांगलं झालं. पण हा माणूस मले ओळखू येत नाही.” मी ते कौतुक समजलो.

मुलाखतीचे बोलावणे आले नाही. अशा वेळी कारणे कळवली जात नाहीत आणि आमच्या उत्तरामुळेच अर्ज बाजूला पडला, असा दावाही मी करणार नाही; अर्जदार हजारो, जागा थोड्या. पण नंतर तो कागद मी एक परीक्षक म्हणून पुन्हा वाचला, जसे आपण विद्यार्थ्यांचे निबंध वाचतो. त्या पाचशे शब्दांत एकही गोष्ट अशी नव्हती, जी दुसऱ्या कोणत्याही गावातील दुसऱ्या कोणत्याही मुलाने लिहिली नसती. वही नव्हती, तुरीची डाळ नव्हती, ‘रात्री पोरींजवळ कोण’ हा प्रश्न नव्हता. भाषणाने मने पालटली असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात भाषणाने काहीच झाले नव्हते. नम्र मुलाला धीट करण्याच्या नादात मी खरी गोष्ट काढून तेथे फलकावरचा मजकूर ठेवला होता.

त्या हिवाळ्यात मी वर्गात ‘दशरूपक’ शिकवत होतो. धनंजयाने नाट्याचे भेद ज्यांवरून करायचे ती तीन तत्त्वे सांगितली आहेत: वस्तू, नेता आणि रस. नायकाला तो ‘नेता’ म्हणतो. ‘नी’ म्हणजे नेणे; नेता, नायक, नेतृत्व हे सगळे त्याच धातूचे. पुढच्या प्रकरणात नेत्याच्या गुणांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यातला पहिला गुण आहे विनय. शौर्य नाही, वक्तृत्वही नाही. विनयही ‘नी’पासूनच आलेला आहे, हे फळ्यावर लिहिताना माझ्या लक्षात आले: वि अधिक नी. ज्याला नेता येते, त्याला कोणीतरी आधी वळण लावलेले असते. म्हातारीचा प्रश्न ऐकून भाषण सोडणारा मुलगा या व्याख्येत चपखल बसत होता, आणि नेमका तोच प्रसंग मी खोडला होता. शिवाय बंजारा तांड्याच्या प्रमुखालाही ‘नायक’च म्हणतात. घरी जो शब्द तो रोज ऐकत होता, तोच मी त्याला परका करून सांगितला.

मग जुन्या अर्जांकडे वळलो. परदेशी शिक्षणासाठी आपली बाजू मांडणारे सर्वांत प्रसिद्ध मराठी माणसाचे पत्र आनंदीबाई जोशी यांचे. जून १८८३ मध्ये, अमेरिकेत पोहोचल्यावर काही आठवड्यांतच, अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला ते लिहिले. त्यात त्या आधी कबूल करतात की प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसत नसेन. मग आपली तयारी सांगतात, आणि आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून येथवर आणणारा निश्चयच आपल्या पात्रतेचा पुरावा म्हणून पुढे ठेवतात. हा निश्चय कशासाठी, हेही लगेच सांगतात: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांसाठी. पत्रात उणीव लपवलेली नाही आणि ‘मी’ टाळलेला नाही. पण त्या ‘मी’ला लागूनच इतर स्त्रिया उभ्या आहेत. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

दुसरा अर्ज १९१३ चा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी झालेल्या करारात विहित विषयांचा अभ्यास आणि नंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी, अशा अटी होत्या. बाविसाव्या वर्षी आंबेडकरांजवळ ‘प्रत्यक्ष उदाहरणांनी’ दाखवण्यासारखे सार्वजनिक नेतृत्व काय होते? साउथबरो समितीपुढील साक्ष १९१९ ची, ‘मूकनायक’ १९२० च्या जानेवारीतला. त्या पत्राच्या नावातही नायक आहे, आणि तो मूक लोकांचा आहे. बडोद्याने पुढचे वचन मागितले. आजच्या शिष्यवृत्त्या मागचा पुरावा मागतात. करारातील नोकरी बडोद्यातल्या अस्पृश्यतेमुळे १९१७ मध्ये काही दिवसांतच सुटली, पण शिष्यवृत्तीचे फळ कितीतरी मोठ्या मुलखाला मिळाले. म्हणून पुरावा मागणारी पद्धत अधिक न्याय्य आहे, असे मला वाटत नाही. ज्याला शाळेच्या वेळात फडावर मोळ्या बांधाव्या लागल्या, त्याच्याकडे संघटनांची पदे आणि वक्तृत्वाचे करंडक कोठून येणार? पण पद्धत अशी आहे, आणि तिच्यात एक जागा मोकळी आहे. उदाहरण किती मोठे असावे, हे ती सांगत नाही. एका तांड्यावरच्या धान्याच्या वहीलाही तेथे जागा आहे, वही खरी असेल तर.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी तांड्यावर गेलो. माझ्या घरापासून अंतर पंचवीस किलोमीटर. ज्या मुलाला मी तीन वर्षे शिकवले आणि ज्याच्या ‘असामान्य’ गुणांना मी लेखी साक्ष दिली, त्याचे काम पाहायला मी पहिल्यांदाच जात होतो. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. त्या तीन बायकांपैकी दोघी भेटल्या. तिसरी वारली होती आणि तिच्या जागी तिची सून रात्रीची सोबत करत होती. वही पाहिली. पहिली दोन वर्षे त्याचे अक्षर होते. तिसऱ्या वर्षापासून मुलांची वेगवेगळी अक्षरे, कोठे चुकलेल्या बेरजा, त्या दुरुस्त केलेल्या. मी विचारले, हा येथे काय करायचा? मोठ्या बाईने सांगितले, “पयल्या सालले रोज ये. दुसऱ्या सालले पुण्याहून दर शनिवारी ये. मंग आम्हीच म्हटलं, काहाले तिकिटाचे पैसे घालवतं? आम्ही पाहातो ना.”

मी गाळलेला परिच्छेद याच वाक्यात होता. टाळेबंदीत तो तेथे नव्हता, हाच त्याच्या प्रभावाचा सर्वांत भक्कम पुरावा होता. माणूस असेपर्यंत चालणारे काम हे त्याचे श्रम. तो नसताना चाललेले काम म्हणजे त्याने इतरांना जे दिले ते. आणि त्या बायकांचे कर्तृत्व त्याच्या नावावर न लावताही हे सांगता येत होते.

या वेळी मी लिहिले नाही. त्याने आधी मराठीत लिहिले, मग स्वतःच्या इंग्रजीत. आम्ही फक्त क्रियापदे तपासली. प्रत्येक वाक्यापुढे त्याने ‘कोणी?’ असा प्रश्न मांडला आणि उत्तर जसे असेल तसे लिहिले. बैठक मी बोलावली. भाषण मी केले आणि ते फसले. प्रश्न तिने विचारला. मी तिच्याकडे परत गेलो. वही मी सुरू केली. एका मुकादमाने विरोध केला, कारण मोळ्या बांधणारे हात कमी होत होते. त्याच्याशी बोलायला मी तांड्याच्या नायकाला सोबत नेले, कारण माझ्या शब्दाला तेव्हा वजन नव्हते. टाळेबंदीत निर्णय त्यांनी घेतले. मी फोनवर फक्त ऐकत होतो. अशा रीतीने ‘मी’ आला, तो जेथे त्याची जागा होती तेथेच. ‘आम्ही’ आणि ‘त्या’ही आपापल्या जागी राहिल्या. मागासलेपणाचा परिच्छेद त्याने स्वतःच काढला. त्याऐवजी त्याचे पहिले वाक्य होते ते दिवाळीनंतर तांड्यावर किती घरांना कुलूप लागते, याविषयी.

जिल्ह्याविषयी एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली, लिहिण्यासाठी नव्हे, सोबतीसाठी. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ‘काव्यमीमांसे’त राजशेखराने काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह याच नगरात लावला आहे. यादीतील आकांक्षित जिल्हा आणि कवितेचे लग्न लागलेले गाव, दोन्ही आपलेच. कोणते पत्त्यात लिहायचे, हे आपण ठरवायचे असते. तो हसला आणि म्हणाला, “सर, लग्नाले जेवण कोणी केलं असल?”

त्या वर्षी त्याची निवड झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला, २०२४ च्या अखेरीस परतला, आणि आता याच भागातील स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या शाळांवर काम करतो आहे. निवड दुसऱ्या उत्तरामुळेच झाली, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. तीन वर्षांचा अनुभव चार वर्षांचा झाला होता, मुलाखतही चांगली झाली असावी. एवढे मात्र खरे की दुसऱ्या वेळी निवड झाली नसती, तरी ते दोन कागद त्याला स्वतःजवळ ठेवता आले असते. पहिले कागद त्याने फाडले होते.

आता दर वर्षी दोन-तीन मुले अशा अर्जांसाठी येतात. कोणाचे गावातले वाचनालय असते, कोणी बहिणीचे बालवयातले लग्न थांबवलेले असते, कोणी नुसताच बापाच्या आजारपणात शेत सांभाळून पदवी पूर्ण केलेली असते आणि त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नसते. मी त्यांना वाक्ये देत नाही. कोणी केले, कोणी अडवले, तू नसताना काय झाले, एवढे तीन प्रश्न विचारतो, आणि शिफारसपत्र मागितले तर आधी त्यांच्या गावी जाऊन येतो. त्यामुळे माझी पत्रे आता आखूड झाली आहेत. विशेषणे गेली. पहिले वाक्य बहुधा एकच असते: हे काम मी स्वतः जाऊन पाहिले आहे.